ताईंना येतं, बाहुलीला येत नाही

ताईंच्या उजव्या हातात कापडी कासव आहे. समोर सतरंजीवर पाच ठोकळे ओळीने मांडलेत. कासव मोजायला लागतं. "एक, दोन, तीन... तीन, चार. चार ठोकळे!" आणि मान वर करून मुलांकडे बघत राहतं.

दोन-तीन क्षण कुणी बोलत नाही. मग मागे बसलेली एक मुलगी गुडघ्यांवर उभी राहते. एरवी ही नाव विचारलं तरी बाहीचं टोक चावत बसते. "ए, तू तीन दोनदा म्हटलंस," ती सांगते. कासव म्हणतं, "छे! मी कुठे?" आता तिला राहवत नाही. उठून पुढे येते, कासवाचा पुढचा पाय, म्हणजे खरं तर ताईंचं बोट, धरते आणि एकेका ठोकळ्यावर टेकवत मोजून घेते. "पाच. बघ."

ताईंचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर आहे. तिने तिकडे पाहिलेलंही नाही.

हातात घालून खेळवायची बाहुली, म्हणजे पपेट, बालवाडीत आणली की असं काहीतरी घडतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक असतं. ते का घडतं, हा प्रश्न मात्र 'मुलांना बाहुल्या आवडतात' एवढ्यावर मिटवला जातो. मुलांना चेंडूही आवडतो. म्हणून कुणी चेंडूला मोजायला शिकवत नाही.

मूल फसलेलं नसतं

पहिल्यांदा बघणाऱ्या मोठ्यांना वाटतं की मुलाला कासव खरंच बोलतंय असं वाटतंय. तसं नसतं. चार वर्षांच्या मुलाला आतला हात ताईंचा आहे हे पक्कं माहीत असतं. संधी मिळाली की ते बाहुलीच्या खालून डोकावून बघतं, आत बोट घालतं आणि परत वर येऊन कासवाशी गप्पा मारायला लागतं. माहीत असणं आणि मानणं या दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना न ढकलता नांदतात. भातुकलीत रिकाम्या कपातून चहा पिणारं मूल तहान भागली असं म्हणत नाही, तसंच हे.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या अधल्यामधल्या जागेविषयी लिहिलं. लहान मूल ज्या गोधडीला किंवा कापडी सशाला सोडत नाही, ती वस्तू त्याच्या दृष्टीने पूर्ण बाहेरचीही नसते आणि पूर्ण मनातलीही नसते. विनिकॉटचं म्हणणं असं की मोठ्यांनी इथे एक प्रश्न विचारायचा नसतो: हे तू स्वतः रचलंस की तुला बाहेरून मिळालं? वर्गातल्या पपेटलाही हा नियम लागू पडतो. "अरे, त्या ताईच बोलतायत!" असं एखादा मुलगा ओरडलाच, तर त्याच्याशी वाद घालू नये आणि खोटंही बोलू नये. "हो, हात माझा आहे. पण कासवाला पाच अजून येत नाहीत, त्याचं काय करायचं?" एवढं पुरतं. तो मुलगा बहुतेक वेळा पुढच्याच मिनिटाला कासवाला काहीतरी समजावत असतो.

वर्गातली उतरंड

मग फरक कशाने पडतो? माझ्या मते खरं उत्तर वर्गातल्या उतरंडीत आहे.

बालवाडीतलं मूल दिवसभर अशा माणसांमध्ये असतं ज्यांना त्याच्याहून जास्त कळतं. त्यात ही माणसं चमत्कारिक प्रश्न विचारतात. "हा रंग कोणता?" ताईंना लाल माहीत नाही का? असणारच. म्हणजे हा प्रश्न नव्हे, परीक्षा आहे. आणि परीक्षेत गप्प बसणं सगळ्यात सुरक्षित. हे मुलाला शब्दांत सांगता येत नाही, पण अंगाने कळतं. पपेट आलं की उतरंडीत एक नवी पायरी तयार होते, मुलाच्याही खालची. ज्याला खरंच माहीत नाही असं कुणीतरी वर्गात येतं. आता उत्तर देण्याला कारण असतं, आणि चुकलं तरी चुकणाऱ्यांत आपण पहिले नसतो.

याचा एक सुंदर पुरावा १९७४ च्या एका प्रयोगात आहे. त्याआधी ज्याँ पियाजे यांनी दाखवलं होतं की दोन सारख्या ओळींत सारख्याच चकत्या ठेवल्या आणि मुलासमोर एक ओळ पसरून लांब केली, तर साधारण सहा-सात वर्षांखालची मुलं लांब ओळीत जास्त चकत्या आहेत असं सांगतात. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर हेच केलं, फक्त ओळ विस्कटायचं काम एका खोडकर टेडी अस्वलाला दिलं. पेटीतून ते बाहेर येतं, धसमुसळेपणा करतं, ओळ इकडची तिकडे होते. आता संख्या तेवढीच आहे असं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण दुपटीहून अधिक झालं. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं, यांना आता वेगळं उत्तर हवंय. अस्वलाचं तसं नाही. त्याने नुसता पसारा केलाय.

(पुढे यावर आक्षेपही आले. अस्वलाने खरोखरच चकती वाढवली तेव्हाही बरीच मुलं 'सारख्याच' म्हणाली. म्हणजे त्या धांदलीत मुलांचं चकत्यांकडे लक्षच नव्हतं की काय, अशी शंका. पपेट वापरणाऱ्याने हा आक्षेप लक्षात ठेवावा. बाहुली फार नाचली तर मूल बाहुलीच बघतं, धडा नाही.)

रॉशेल गेलमन आणि एलिझाबेथ मेक यांनी १९८३ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांसमोर बाहुलीला मोजायला लावलं. बाहुली कधी बरोबर मोजायची, कधी एखादी वस्तू गाळायची, कधी एकच दोनदा मोजायची. मुलांचं काम एवढंच, की बरोबर की चूक ते सांगायचं. स्वतः मोजताना ज्या लांब ओळींत मुलं अडखळत, त्या ओळींतही त्यांनी बाहुलीच्या चुका पकडल्या. यातून शिक्षकाने घ्यायची गोष्ट अगदी कामाची आहे. मोजता न येणं आणि मोजणं न समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मूल स्वतः मोजतं तेव्हा तोंडाने आकडे म्हणायचे, बोट पुढे न्यायचं, कुठवर आलो ते लक्षात ठेवायचं, अशी तीन कामं एकदम करतं. बाहुली मोजते तेव्हा त्याला फक्त पहारा द्यायचा असतो. त्याला नेमकं काय कळलंय ते तेव्हा दिसतं.

नियमांच्या बाबतीतही असंच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना एक नवाच, मनाने रचलेला खेळ शिकवला गेला. मग एक पपेट आलं आणि 'मीपण खेळतो' म्हणून भलत्याच पद्धतीने खेळलं. तीन वर्षांची मुलं गप्प बसली नाहीत. असं नसतं, असं करायचं असतं, हे त्यांनी पपेटला सुनावलं. खेळ शिकून त्यांना काही मिनिटंच झाली होती.

बाहुलीचा कर्णा करू नका

इथे मला थोडं चिडून लिहावं लागेल, कारण बहुतेक वर्गांत पपेट याच्या नेमकं उलट वापरलं जातं. ताई सशाला हातात घालतात आणि ससा सांगतो, "मुलांनो, भांडायचं नाही हं! हात स्वच्छ धुवायचे! खेळणी वाटून घ्यायची!" हा ससा नव्हे, लांब कानांचा कर्णा आहे. मुलं दोन दिवस कौतुकाने ऐकतात. तिसऱ्या दिवशी त्यांना कळतं की आता एकीऐवजी दोघी सूचना देतायत.

मीही हेच केलंय. माझ्या पहिल्या पपेटला मी भलताच चिरका आवाज दिला होता आणि तोंडी उपदेशांची माळ. पाचव्या मिनिटाला घसा बसला, आवाज उतरला आणि समोरचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "हा आता तुमच्यासारखा बोलतोय." तो आवाजाविषयी बोलत होता. पण शब्दसुद्धा माझेच होते.

सांगायचं असेल ते उलटं करून बघा. बाहुलीला उपदेश देऊ नका, अडचण द्या. सशाला लाल मोटार हवीय आणि ती अस्वलाकडे आहे. ससा ती ओढून घेतो. अस्वल हिरमुसतं. ससा मुलांकडे वळून म्हणतो, "मला हवी होती ना! मग मी काय करायला पाहिजे होतं?" आणि ताई गप्प. मुलं जे सांगतील ते ससा करून बघतो, अगदी "त्याला मार" असं सांगितलं तरी निदान विचारतो, "मारलं तर मोटार मिळेल, पण मग तो माझ्याशी खेळेल का?" मुलांनी शोधलेला उपाय तुमच्या मनातल्या उपायाइतका नीटस नसेल. एका वर्गात मुलांनी ठरवलं की मोटार कुणालाच द्यायची नाही, ती झोपलीय. ससा आणि अस्वल दोघांनी तिला पांघरूण घातलं. भांडण संपलं. वाटून घेण्याचा धडा राहिला, पण मला त्यात काही वाईट दिसत नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. सकाळी घडलेलं भांडण दुपारी बाहुल्यांकडून जसंच्या तसं करून घ्यायचं नाही. ज्याने ढकललं त्या मुलाला लगेच कळतं की हे माझ्याविषयी आहे, आणि बाकीचे त्याच्याकडे बघायला लागतात. चार-आठ दिवस जाऊ द्यावेत, वस्तू बदलावी, पात्रं बदलावीत.

हाताचं काम

कौशल्य किती लागतं? लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. शब्दभ्रमकला, म्हणजे ओठ न हलवता बोलणं, अजिबात लागत नाही. तुमचे ओठ हलताना मुलांना दिसतात आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. ती बघतात तिथे, जिथे तुम्ही बघता. हीच पहिली युक्ती. बाहुली बोलत असताना तुमची नजर बाहुलीवर हवी. तुम्ही मुलांकडे बघत बोललात, की बाहुली हातातलं फडकं होते.

दुसरं, बाहुलीची नजर. हात सैल पडला की तिचं तोंड छताकडे जातं. मनगट किंचित पुढे वाकवलं की ती समोर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत बघते. आरशासमोर पाच मिनिटं हे करून बघितलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

तोंड उघडणारी बाहुली असेल तर नवखा माणूस वरची चार बोटं उचलतो. मग प्रत्येक शब्दाला डोकं मागे उडतं आणि बाहुली जणू माश्या पकडतेय असं दिसतं. आपण बोलताना खालचा जबडा हलतो, डोक्याची कवटी नाही. तेव्हा चार बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा, आणि तोंड अक्षराबरोबर उघडायचं. 'कासव' म्हणताना साधारण दोन उघडझापी: का, सव. बोलणं संपलं की तोंड बंद. उघड्या तोंडाने ऐकणारी बाहुली मठ्ठ दिसते.

आवाज बदलणं ऐच्छिक आहे. जमत नसेल तर वेग बदला. कासव सावकाश बोलतं, शब्दांमध्ये थांबतं. तेही नको असेल तर सगळ्यात चांगला उपाय: बाहुली फक्त ताईंच्या कानात बोलते. ती कानाशी जाते, ताई ऐकतात, भुवया उंचावतात. "काय? खरंच?" सगळा वर्ग पुढे सरकतो. आवाज न देता अख्खं वर्ष काढलेलं पपेट मी पाहिलंय, आणि त्या वर्गातली मुलं त्याच्याशी कुजबुजत बोलायची.

आणि थांबणं. वर्गातल्या प्रश्नोत्तरांवर मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास केलेलं काम प्रसिद्ध आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत. ते तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबत आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागत. मोठ्या माणसाला तीन सेकंदांची शांतता अवघड वाटते. हातात बाहुली असली की ती सोपी होते, कारण बाहुलीला विचार करताना दाखवता येतं. ती डोकं खाजवते, वर बघते, परत ठोकळ्यांकडे बघते. शांतता रिकामी राहत नाही आणि मुलाला वेळ मिळतो.

बाहुल्यांचे प्रकार बरेच आहेत, पण बालवाडीच्या ताईंना हातमोजासारखी घालायची बाहुली पुरे. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या पहिल्याच दिवशी गुंततात. बोटातल्या बाहुल्या चार-पाच मुलांच्या घोळक्यात छान, वीस मुलांसमोर मागच्यांना दिसत नाहीत. पडदा-रंगमंच नको, कारण पडद्यामागे गेलात की तुमचं वर्गावरचं लक्ष गेलं. बटणाचे डोळे मात्र तीन वर्षांखालच्या मुलांजवळ नकोत. ते तुटतात आणि घशात अडकतात. भरतकामाने काढलेले डोळे बरे, आणि धुताही येतात.

सगळ्यांनाच चालत नाही

दोन-अडीच वर्षांच्या काही मुलांना पपेटची भीती वाटते. मोठं तोंड, एकदम जवळ येणं, बदललेला आवाज. अशा वेळी बाहुली हातात घालतानाच मुलांना दिसू द्यावी. आधी रिकामी बाहुली, मग आत जाणारा हात, मग हळूच हललेली मान. बाहुलीने स्वतःहून मुलाकडे जायचं नाही. उलट बाहुलीच लाजरी असावी, ताईंच्या काखेत तोंड लपवणारी. मग धीर द्यायला मुलं पुढे येतात.

वयाची आणखी एक मर्यादा आहे. ज्युडी डीलोश यांनी १९८७ मध्ये मुलांना एका खोलीची छोटी प्रतिकृती दाखवली, तिच्यात एक चिमुकलं खेळणं लपवलं आणि सांगितलं की मोठ्या खोलीत याच जागी मोठं खेळणं आहे. तीन वर्षांची मुलं थेट तिथे गेली. अडीच वर्षांची मुलं जाऊ शकली नाहीत, जरी छोटं खेळणं कुठे आहे ते त्यांना आठवत होतं. एक वस्तू वस्तूही आहे आणि दुसऱ्या कशाची खूणही आहे, हे दोन्ही एकदम धरणं त्या वयात जड जातं. म्हणून "ही बाहुली म्हणजे तू. तुला कुठे लागलं ते हिच्यावर दाखव" ही विनंती मोठ्यांना वाटते तितकी सोपी नसते. बाहुली वापरल्याने लहान मुलं स्वतःसोबत घडलेलं जास्त नेमकं सांगतात असं डीलोश यांच्या पुढच्या कामातही दिसलं नाही. कासव म्हणून कासवाशी बोलणं सोपं, स्वतःच्या जागी बाहुली ठेवणं अवघड.

याच कारणासाठी, एखाद्या मुलाने बाहुलीला काळजी वाटावी असं काही सांगितलं, कुणी मारतं वगैरे, तर बाहुलीच्या तोंडून उलटतपासणी करू नये. बाहुली बाजूला ठेवून स्वतःच्या आवाजात, शांतपणे, "तू मला सांगितलंस ते बरं केलंस" म्हणावं. मुलाचे शब्द होते तसे लिहून ठेवावेत आणि शाळेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी आहे त्यांना सांगावं. पपेट म्हणजे उपचार नव्हे. घरी भरभर बोलणारं आणि वर्गात महिनोन्‌महिने मुकं राहणारं मूल बाहुलीशी बोलेलही, पण त्याला तज्ज्ञाची गरज असेल तर ती उरतेच.

बाहुली मुलांच्या हातात

शेवटी बाहुली मुलांच्या हातात द्यायची असते, आणि तिथे एक गंमत ठरलेली. तोंड उघडणारी बाहुली दिली की पहिली दहा मिनिटं ती चावते. मगर असेल तर विचारूच नका. मुलं वाईट वागत नसतात. त्या बाहुलीला करता येण्यासारखी सगळ्यात ठळक गोष्ट तीच असते. मगरीला भूक लागते हे मान्य करून तिला खायला कापडाचे तुकडे दिले की चावणं जेवणात बदलतं. मला विचाराल तर पहिल्या खेपेला मगर आणूच नये.

जुना मोजा, कागदी पिशवी, काठीला चिकटवलेलं चित्र, काहीही चालतं. ताईंना सुबक वाटणारी बाहुली आणि मुलाला बोलायला लावणारी बाहुली यांचा फारसा संबंध नसतो. एकच डोळा चिकटवलेल्या मोज्याशी एक मुलगा अर्धा तास बोलताना मी ऐकलाय. दुसरा डोळा का नाही, असं मोजा विचारत होता आणि मुलगा त्याला समजावत होता की तो उद्या येणार आहे. या बोलण्याला 'आता सगळ्यांसमोर करून दाखव' असं म्हटलं की ते जागच्या जागी थांबतं.

वर्गात दोन भाषांची मुलं असतील तर एक बाहुली अशी ठेवता येते जिला एकच भाषा कळते. ताईंना दोन्ही येतात हे मुलांना माहीत असतं, त्यामुळे ताईंशी कुठलीही बोलली तरी भागतं. बाहुलीशी भागत नाही. तिच्यासाठी शब्द शोधावे लागतात, नाही सापडला तर हातवारे करावे लागतात, शेजाऱ्याला विचारावं लागतं.

राहता राहिली बाहुली ठेवायची जागा. खिळ्याला उलटी टांगलेली बाहुली मुलांना बघवत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिला एक खोका द्यावा, त्यात फडकं अंथरावं. ती तिथून जागी होऊन येते आणि काम झालं की तिथे झोपायला जाते. झोपताना डोकं आधी टेकवायचं, मग हात सावकाश काढायचा. त्या मोजणाऱ्या मुलीने शाळा सुटताना खोक्याचं झाकण जरासं उचललं, आत तोंड घातलं आणि बजावलं, "तीन एकदाच." मग झाकण लावून चपला शोधायला गेली.